ठोकळ्यांची टोपली

मूल खेळातूनच शिकतं, असं मी म्हटलं की तुम्ही हसता. हसा, पण सुमनची रुखरुख माझ्या मनातून अजून जात नाही, ती ऐका.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी बडोद्याहून बालशिक्षण शिकून परतले आणि समुद्रकाठच्या कळंबला बालवाडी काढली. पाटी नाही, छडी नाही, नुसता खेळ. सुमन ही मासळी विकणाऱ्या हिराबाईंची चार वर्षांची मुलगी. कोपऱ्यात बसून राहायची. दिवाळी आली तरी तोंडातून शब्द नाही.

एका सकाळी तिने ठोकळ्यांची टोपली उचलून डोक्यावर घेतली आणि खणखणीत ओरडली, "बोंबील घ्या, बोंबील! ताजे हायत!"

एका मुलाने भाव पाडून मागितले, तर म्हणते कशी, "जा, तुझ्या आयशीला पाठव!"

मी आनंदाने वळले, तर दारात हिराबाई. म्हटलं, "ऐकलंत? बोलली!"

त्यांनी तिच्या डोक्यावरची टोपली उतरवली. "बाई, ही टोपली पोरीच्या डोक्यावर येऊ नये म्हनून तिला इथं घातली होती. तुम्ही तीच आनून दिलीत?"

मी समजावलं, या खेळातून भाषा येते, हिशेब येतो.

"तो मला पन येतो," म्हणाल्या आणि पोरीला घेऊन गेल्या.

पुढे बाजारात भेटल्या. सुमनला त्यांनी पाटी-छडीवाल्या मास्तरांकडे घातलं होतं. मी विचारलं, "कशी आहे?"

त्यांचा चेहरा खुलला. "शहानी झाली, बाई! हाताची घडी, तोंडावर बोट. दिवसभर एक शब्द बोलत नाही."