जुनी वाघर सोडायची न्हाई

आमचं मूळ वडीगोद्रीच्या शिवारातलं, मेंढरंवाले आम्ही. आप्पा, म्हंजी माझे वडील, अर्धं वरीस गोदावरीच्या अंगानं कळप घेऊन फिरायचे. मी तेवढा शिकलो अन् जालन्याला एका कारखान्याच्या कम्प्युटर खोलीत लागलो.

आप्पा इचारायचे, दिसभर करतो काय रं तू. मंग मी सांगायचो, पाच मोठ्या मशिनी हायेत, एकेकीच्या पोटात धा-धा कम्प्युटर, अन् त्या पाचींला जोडणारा एकच स्विच, पण तो हाताला लागत न्हाई, निसता पडद्यावर असतो. त्याच्यावर आम्ही पोर्ट ग्रुप, म्हंजी नंबर दिलेले कप्पे, करतो, वजनकाट्याचा येगळा, हजेरीचा येगळा, कॅमेऱ्याचा येगळा, एकाचं दुसऱ्यात मिसळू द्यायचं न्हाई. आप्पा म्हणले, मंग हे माझंच काम की, कोकरं येगळी, मेंढ्या येगळ्या. म्या म्हणलं, आता हरेक मशिनीच्या जुन्या स्विचवरचं समदं या नव्यावर न्यायचंय. तर म्हणले, नवी वाघर ताणल्याबिगर जुनी सोडायची न्हाई, ध्यानात ठेव. वाघर म्हंजी मेंढरं कोंडायची जाळी. मी हसलो, दुसरं काय.

काय सांगू तुम्हाला, त्या रविवारी कारखाना बंद म्हणून ते काम धरलं, अन् त्याच दिवशी आप्पांचा कळप वडीगोद्रीवरून जाणार व्हता. चार महिने तोंड पाह्यलं न्हवतं मी त्यांचं. म्हणलं जल्दी उरकू, दुपारची बस गाठू. हरेक मशिनीला दोन नेटवर्क कार्डं असत्यात, एक हलवायचं, ते बोलतंय का बघायचं, मंग दुसरं. म्या घाईत पाचींची दोन्ही कार्डं एकदाच नव्या स्विचवर टाकली, अन् पोर्ट ग्रुपचा नंबरच चुकलेला. समदं मुकं झालं. माझ्या जागेवरून एकबी मशीन दिसंना. मंग एकेकीपाशी कीबोर्ड घेऊन बसलो, जुनं परत जोडीत, दिवस मावळंस्तोर.

आप्पा तिकडं वडीगोद्रीच्या फाट्यावर माझ्यासाठी थांबल्ते. फोन आल्ता, मेंढरं उपाशी हायेत रं, निघतो मी. म्या म्हणलं, पुढच्या खेपेला बराबर येतो. ती खेप आलीच न्हाई. आप्पा तिकडंच नदीकाठी बिमार पडले अन् गेले.

कळप विकला, वाघर तेवढी ठिवलीय, अजून लोकरीचा वास येतो तिला. लई आठवण येती. आता मी एकच कार्ड हलवतो, थांबतो, मंग दुसरं. पण तुमचं कुणी फाट्यावर वाट बघून राह्यलं असलं ना, तर काम तसंच टाका अन् जा. मशिनी काय, त्या माझ्याबी संध्याकाळी जोडल्या गेल्त्या.