फाशाविना सापशिडी

कल्पिता : म्हणजे सापशिडीतल्या सापांना कुणी नावं ठेवलीच नाहीत? अख्खा रविवार गेला माझा ते रंगवण्यात, तस्नीम मॅडम. आमच्या धाकट्या डहाणूत सुकट वाळत घालायची सोडून बसले होते.

तस्नीम : साप राहू द्या म्हणाले संस्थेचे हाजीसाहेब. फासा नको. फासा म्हणजे जुगार, दीनियातच्या, धर्मशिक्षणाच्या तासाला जुगार कसला?

कल्पिता : घ्या! लोक साप साप म्हणून भुई धोपटतात, यांनी साप सोडून फाशाला धोपटलं.

तस्नीम : हसू नको गं. थकले मी. अकरा वर्षं पाठ करून घेतेय, नमाजाआधी हातपाय धुऊन वुजू कसा करायचा, खोटं का बोलू नये. पोरं पोपटासारखी म्हणतात नि दारातच विसरतात. या खेळाने जरा जाग आली होती वर्गाला. उद्या लिहून द्यायचंय, खेळ बंद, पुन्हा पाठांतर.

कल्पिता : आणि देणार तुम्ही?

तस्नीम : भांडायला अंगात जोर लागतो. कागद पर्समध्ये तयार आहे.

कल्पिता : मग ती तुमची इन्शा? झाईहून एसटीने येते ती?

तस्नीम : तिचंच वाईट वाटतं. जूनपासून हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची. सोमवारी पहिल्यांदा बोलली.

कल्पिता : काय?

तस्नीम : एक्क्याण्णववर होती. दोन पडले, नि ‘खोटं बोलणे’वाल्या सापाने थेट सातावर आणलं. रडत उभी राहिली. म्हणाली, “टीचर, मी खोटं बोललेच नाही. मग मला का गिळलं?”

कल्पिता : तुम्ही काय म्हणालात?

तस्नीम : म्हटलं, खेळ आहे, बस खाली.

कल्पिता : मॅडम, पोरगी बरोबर बोलली की. काही केलं नाही तरी शिक्षा. हाजीसाहेबांना खुपतो तोच फासा तिलाही खुपला.

तस्नीम : या अल्लाह. माणूस आपल्या अमलाने, आपल्या करणीने चढतो-उतरतो, हेच शिकवते मी. आणि पोरांना नशिबाने चढवत-उतरवत होते.

कल्पिता : मग काढा फासा. प्रश्नाची चिठ्ठी उचला, उत्तर आलं तर पुढे. सापावर आलात तर खरं सांगा, या आठवड्यात खोटं बोललात का? नसाल तर साप गिळणार नाही.

तस्नीम : आणि तिथेच खोटं बोलली तर?

कल्पिता : तेवढं मला रंगवता येत नाही.

तस्नीम : दे पेन. कागद बदलते. फासा काढला, खेळ चालू.

कल्पिता : हाजीसाहेबांकडे सकाळीच जाणार?

तस्नीम : हजेरी झाल्यावर. आधी इन्शाला उभं करायचंय. बस खाली म्हटलं होतं ना मी तिला.