सातमच्या दिवशी पुकारलेलं नाव

—अहो बसा हो, देवशीभाई, बसा! उभं राहिलं म्हणून हरवलेलं माणूस लवकर येतं असं काही नाही. एकतीस वर्षं या मेळ्यात, याच मांडवात माइकसमोर बसतोय, मला विचारा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय लंगडा आहे—ही घ्या. पाणी प्या आधी. चहा विचारला असता, पण आज शीतळा सातम, सगळं थंडच खायचं-प्यायचं. चहाच्या गाड्यांचं सोडा, त्यांना कसली सातम नि कसली आठम, पण आमच्या घरची चूल काल रात्री सारवून, पुजून थंड केलीय, मग मी बाहेर येऊन वाफाळतं काय म्हणून पिऊ? किती वेळ झाला आईचं नाव पुकारून? चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटं म्हणजे काय हो, काहीच नाही! आपल्या याच जामनगरच्या मेळ्यात अख्खी वरात हरवून दीड तासानं सापडलेली मी पाहिलीय—नवरदेवासकट. थांबा हं, ही एक चिठ्ठी आलीय—‘ऐका, ऐका! लालपूरचे छगनभाई, आपले साडू आपली वाट पाहत मौतच्या विहिरीजवळ उभे आहेत. विहिरीच्या बाहेर उभे आहेत, काळजी नसावी!’—हां, असं थोडं हसवावं लागतं. शोधणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, त्याला जरा बरं वाटतं.

तसा माझा धंदा कुंकवाचा. कुंकू, सुरमा, सुपारी कातरायचे अडकित्ते—दुकान मुलगा बघतो आता, परिमल. शाळा म्हणाल तर चौथी. पण माणसं मोजायला शिकलो ती इथं, मेळ्यात. हा आठवडा असतो ना आमचा, श्रावणातल्या बोळचोथीपासून नोमीपर्यंत, चौथ ते नवमी, यात कुठल्या दिवशी कोण हरवणार ते मी आदल्या दिवशी सांगतो. चौथीला कोणी नाही, लोक अजून पैशाला जपून असतात. पंचमीला छत्र्या आणि चपला. छठीला बायका घरी रांधत बसलेल्या—दोन दिवसांचं रांधायचं असतं—म्हणून त्या दिवशी पुरुष हरवतात, आणि हरवले म्हणजे कुठं सापडतात ते तुम्हाला ठाऊक आहे, पत्ते टाकून बसलेले. पण सातम! सातमीला चूल बंद म्हणजे बाई मोकळी. वर्षातून एक दिवस. सकाळी थंड पाण्यानं आंघोळ, शीतळामातेला नारळ, की डबा घेऊन सगळ्या मेळ्यात—सासवा, सुना, पणज्या. म्हणून आज म्हाताऱ्या हरवतात. सकाळपासून तुमची आई सातवी. सहा सापडल्या. तेव्हा घाबरू नका.

बरं, तुम्ही निदान नाव तरी लगेच सांगितलंत, जीवीबेन. लोकांना आईचं नाव माहीत नसतं हो! मागं एक साहेब आले होते, कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. म्हटलं, आईचं नाव? म्हणाले, ‘बा.’ म्हटलं, साहेब, बा सगळ्यांनाच असते, हिला लोक काय म्हणतात? तर घाम पुसत म्हणाले, ‘लोक पण बाच म्हणतात.’ शेवटी गावाकडं थोरल्या बहिणीला फोन लावला, तेव्हा कळलं. हसताय? हसा, हसा.

पण मी काय म्हणतो, देवशीभाई—तीनदा पुकारलं आपण. ‘कालावड तालुक्यातल्या जीवीबेन रामभाई, असतील तिथून व्यापारी मंडळाच्या मांडवात यावं.’ तीनदा. मेळा काही एवढा मोठा नाही आणि भोंगे सहा आहेत. त्यांना ऐकू येतं ना नीट? येतं. मग ऐकलं असणारच. ऐकूनही माणूस उठत नाही, असं होतं. आता या खेपेला माइक तुम्ही घ्या. घरी काय म्हणता आईला? ‘माडी’? मग तेच म्हणा. ‘ए माडी, कुठं आहेस, मी देवा बोलतोय’—देवाच म्हणतात ना?—तुमच्या आवाजात, तुमच्या बोलीत, शेतातून हाळी देता तशी द्या. …का? लाज कसली? गावचे लोक ऐकतील? ऐकू देत की! …मेव्हणे आलेत. आले असतील. मेव्हणे काय म्हणतील म्हणून आई मेळ्यात सोडून जाणार आहात का?

रागावलो नाही हो. आवाज चढला जरा. बसा. बसा, सांगतो.

आमच्याकडची बाई—म्हणजे परिमलची बा—तीस वर्षं दर सातमीला या मांडवात डबा आणायची. थेपले, बाजरीचे वडे, दही, मिरचीचं लोणचं. सगळं थंडगार. स्वतः यायची, चालत. मी म्हणायचो रिक्षा कर, ती म्हणायची मेळ्याला रिक्षानं जातं का कोणी! मी जेवेपर्यंत इथंच, तुम्ही बसलात ना तिथंच बसायची आणि हरवलेल्या पोरांना रेवड्या द्यायची. आणि मी जेवताना माइकवर दुसरं कोणी चुकीचं पुकारलं की मला डोळ्यानं खुणावायची. नाव? नाव मी तिचं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं, भाई. आमच्या वेळी घेत नसत. तीही माझं घ्यायची नाही. मी दुकानातून वर आलो की जिन्यातूनच ओरडायचो, ‘परिमलची बाऽऽ! चहा मिळेल का उद्या यायचं?’ आणि ती वरून—‘उद्या या!’ पन्नास वर्षं हेच. आळीत लोक नक्कल करायचे आमची.

दोन वर्षं झाली, जरा विसरायला लागली होती. मोठं काही नाही. मीठ दोनदा घालायची, आज कुठली तिथी ते विचारायची, दुकान आम्ही नव्या बाजारात हलवलं त्याला बावीस वर्षं झाली, ते मध्येच विसरायची. माणसं ओळखायची, सगळ्यांना ओळखायची. तर गेल्या वर्षी सातमीला सूनबाई म्हणाली, बा, एकट्या जाऊ नका, डबा परिमल नेतील. ‘बरं’ म्हणाली. आणि सूनबाई देवघरात गेली तेवढ्यात डबा घेऊन ही निघाली.

साडेअकराला मला घरून फोन आला. घाबरलो म्हणता? छे! मी म्हटलं, हरवून हरवून हरवली कुठं, तर माझ्या भोंग्यांखाली! आणि घेतला माइक, आणि पुकारलं. रीतीप्रमाणं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, पेठ. ‘लाभकुंवरबेन नौतमलाल मशरू, असतील तिथून व्यापारी मंडळाच्या मांडवात यावं.’ रेशनकार्डावरचं नाव हो. तोंडातून निघताना मलाच परकं वाटलं. दर दहा मिनिटांनी. बारा वाजले, साडेबारा वाजले. मध्ये इतरांचीही नावं पुकारत होतो, ती येत होती. एक वाजता परिमल धावत आला, शर्ट घामानं भिजलेला. तो म्हणाला, ‘बापूजी, तिला हे नाव कळणार नाही. तुम्ही घरी बोलावता तसं बोलवा ना! जिन्यातून बोलावता तसं!’

मी काय म्हणालो असेन, सांगा. …नाही, नाही, सांगा, तुम्हीही आत्ता तेच म्हणालात. मी म्हणालो, ‘अक्कल आहे का? खाली अख्खी बाजारपेठ उभी आहे.’ त्या वर्षी मंडळाचा प्रमुख होतो मी. समोर पाहुण्यांच्या खुर्च्या मांडलेल्या, संध्याकाळच्या डायऱ्याचे, म्हणजे लोकगीतांच्या बैठकीचे, गाणारे येऊन बसलेले, आमचे व्याही पहिल्या रांगेत. त्यांच्यासमोर सहा भोंग्यांवरून मी बायकोला हाका मारू? ‘चहा मिळेल का उद्या यायचं’ म्हणू? पोरगा तसाच वळला. परत शोधायला गेला. आणि मी आवाज आणखी गोड केला, देवशीभाई. ‘आदरणीय लाभकुंवरबेन,’ असं म्हणालो. आदरणीय!

मला तेव्हा सुचलं नव्हतं असं नाही. हे मी घरी कोणाला सांगितलेलं नाही. परिमल यायच्या आधीच मला सुचलं होतं—पाऊण तास आधी. सुचलं आणि मी गिळून टाकलं.

आणि ती होती कुठं माहितीय? या मांडवाच्या मागं. हा पडदा आहे ना, त्याच्या पलीकडं बांगड्यांच्या गाळ्यांची ओळ, तिथं चौथा गाळा. चाळीस पावलं. धोराजीहून एक बांगडीवाली पहिल्यांदाच आली होती, हूरबाई म्हणून, ती काय ओळखणार हिला! तिच्या गोणपाटावर बसली होती, बारा ते दीड, डबा मांडीवर. नोमीला हूरबाई स्वतः आली मला सांगायला, रडत होती बिचारी. म्हणाली, काका, प्रत्येक पुकार आम्ही दोघी ऐकत होतो. बा म्हणायच्या, ‘बघ गं, कोणाची तरी बाई हरवलीय. अजून सापडेना.’ शीतळामातेला हात जोडले म्हणे, त्या बाईसाठी. नारळ बोलली. आणि म्हणाली… काय म्हणाली… ‘नशीबवान आहे पण. किती मानानं बोलावतोय तिचा माणूस.’

…

पाणी द्या जरा. तो तांब्या—हां.

मग उठली. हूरबाईला दोन वडे दिले डब्यातले आणि म्हणाली, ‘जाते, हे दुकानात उपाशी असतील.’ दुकानात! आम्ही दिवसभर मेळा पालथा घालतोय, तळं बघतोय, बसस्टँड बघतोय, आणि ही खंभाळिया नाक्याच्या जुन्या दुकानाच्या पायरीवर. आता तिथं दुसऱ्याचं कुलूप असतं, सणाचं बंदच होतं. चारला पाऊस लागला, तो सहापर्यंत. पायरीला वर पत्राही नाही. सातला सापडली. चिंब. मला बघून म्हणाली, ‘किती उशीर केलात! वडे मऊ पडले.’ रात्री ताप भरला. छातीत कफ झाला. डॉक्टर, इंजेक्शनं, सगळं केलं. अमासेला गेली. आठ दिवस तापात होती आणि आठ दिवस मी उशाशी बसून हाक मारत होतो, घरची हाक, मोठ्यानं—दवाखान्यात लोक बघायचे, बघू देत—पण आता ती वरून उत्तर देत नव्हती.

लोक म्हणतात वय होतं. मुलगा काही म्हणत नाही. एक शब्द नाही, वर्षभरात. मी जेवलो का ते विचारतो, औषध घेतलं का विचारतो. बोलला असता तर बरं झालं असतं.

तर घ्या. माइक घ्या म्हणतो ना! हे बटण दाबून धरा. तोंडापासून चार बोटं लांब. तिकडं मेव्हण्यांकडं बघू नका, खाली टेबलाकडं बघा… हां. …मोठ्यानं. आणखी मोठ्यानं! हे शेत आहे असं समजा… हां, अस्सं! पुन्हा. …पुन्हा एकदा. रडलात तरी चालेल, भोंग्याला काय कळतंय. पुन्हा म्हणा.

बास. आता गप्प बसा आणि त्या कमानीकडं बघत राहा.

लोक हसले? हसले असतील थोडे. चक्रीपाळण्याशी कोणीतरी तुमची नक्कल केली, मी ऐकली. उद्या गावात दोन दिवस चिडवतील. तिसऱ्या दिवशी विसरतील. …अहो, थांबा थांबा, ती कोण येतेय? ती हिरव्या ओढणीची, हातात चपला घेतलेली? तरातरा चालतेय आणि हात नाचवतेय? तीच? अहो मग पळा ना समोर! …राहू दे, आल्याच त्या.

या, जीवीमा, या! रागावू नका त्याला, मीच बोलायला लावलं. …हो हो, सगळ्या मेळ्यासमोर स्वतःला ‘देवा’ म्हणवून घेतलं त्यानं, माझीच चूक. …आमची पुकार ऐकलीत तीनदा? आणि मग? …‘ही कोण जीवीबेन, किती वेळ लावतेय’ म्हणालात? …बरोबर आहे. बरोबर आहे, मा. …कुठं होतात, चक्रीपाळण्यात? दोन फेऱ्या! वा! वरून समुद्र दिसतो म्हणतात. …नाही हो, मी कधी बसलो नाही.

जेवलात का? …नको, नको, मला नको, थेपला तुमच्याकडंच ठेवा, वाटेत लागेल. माझा डबा येतो घरून. सूनबाई पाठवते. …घरी? घरी सगळे आहेत. मुलगा, सून, दोन नाती. …घरची बाई? परिमलची बा? —हो. आहे ना. गुडघे दुखतात हो तिचे, म्हणून आता मेळ्यात येत नाही. …सांगतो, सांगतो तिला. जय मुरलीधर सांगतो तुमचा. नक्की.

देवशीभाई, तुम्ही काय माझ्या तोंडाकडं बघत उभे? धरा आईचा हात. आणि मेळ्याबाहेर पडेपर्यंत सोडू नका. …काही बोलू नका म्हटलं ना. निघा आता, कालावडची बस पावणेपाचला सुटते.