ओवीसाठी वेगळी वेळ

परवानगी मिळाली नाही असं नाही गं, मिळाली, तेच तर सांगतेय. आमची ओवी सहा वर्षांची, व्हीलचेअरवर असते. म्हणून मी शहराबाहेरच्या त्या राइड्सच्या पार्कात आधीच फोन केला.

मॅनेजर अगदी गोड बोलला. "ताई, रविवारी नका आणू. एका मुलीला चढवायला राइड थांबवली की बाकीचे पालक भांडतात. मंगळवारी सकाळी गेट उघडायच्या आधी या. फक्त तिच्यासाठी चालू करतो, गर्दी यायच्या आत निघा मग."

ह्यांनी रजा टाकली. इंदिरानगरहून उजाडताच निघालो. ओवीला लाकडी घोड्यावर बसवून पट्टा बांधला, मी तिला कमरेला धरून उभी राहिले. गाणं लागलं, घोडे फिरायला लागले. बाकी सगळे रिकामे.

दुसऱ्या फेरीला तिनं विचारलं, "आई, बाकीची मुलं कधी येणार?"

मी म्हटलं, "येतील हं."

खालून मॅनेजर हसत म्हणाला, "बघा मॅडम, कसं निवांत!"

मी मान डोलावली. दुसरं काय करणार? गाणं थांबल्यावर ओवी म्हणाली, "मला उतरव. आपण गेटपाशी त्यांची वाट बघू."

मुलं आत यायच्या आधी आम्हालाच बाहेर पडायचं होतं.