यादीत न घातलेला शब्द

— पत्रिका जुळत नाही असं मीच म्हणालो, कबूल आहे. काल फोनवर काहीतरी सांगायचं म्हणून सांगून टाकलं. तुम्ही लगेच गुरुजींकडे जाऊन पुन्हा बघून आणाल असं कुठं वाटलं होतं मला? अठ्ठावीस गुण. सरी, ठीक आहे, अठ्ठावीस. नाडीदोष नाही, मंगळ नाही. मग असं करा ना, सुनंदाक्का, मुलाकडच्यांना सांगा, मुलीला एवढ्यात लग्न करायचं नाही. तेही नको? का? श्रीविद्यानं स्वतः होकार दिलाय हे त्यांना ठाऊक आहे? त्यांना कुणी सांगितलं? — तुम्ही. छान. घ्या, कॉफी घ्या. वसुमती मठात गेलीय, श्रीविद्यानं केलीय, स्वल्प कडू लागेल. एकदाच सांगतो, मग त्या प्रणीतचं नाव या घरात नको. मला शिसारी आलीय या सगळ्याची. अक्षरशः शिसारी.

दारू? छे. मुलीबिलीही नाहीत. तुम्हीच म्हणाला होता ना, सुधी, तुझ्याच कारखान्यातला मुलगा, डोळ्यांसमोरचा — तेच तर झालं, फार डोळ्यांसमोर आला. माझं काम काय असतं तिथं बोम्मसंद्र्याला, ठाऊक आहे तुम्हाला? कॉम्प्युटर दुरुस्त करतो? सगळ्यांना तेच वाटतं. अहो, कारखान्यातून इंटरनेटवर जे जे जातं ते आधी एका यंत्रातून जातं, फायरवॉल म्हणतात त्याला. ते प्रत्येक पाकीट फोडतं, आत बघतं, पुन्हा चिकटवून पुढं पाठवतं. हो, कुलूपबंद पाकीटसुद्धा — ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आमच्याकडे त्याची किल्ली असते. आणि वरून हुकूम आला, की कंपनीचा पासवर्ड कुणी बाहेरच्या साइटवर वापरला तर तिथंच अडवायचा. आता अडवायचा तर आधी ओळखायला नको, पाकिटातला पासवर्ड कुठला ते? यंत्राला काय कळतंय! त्याला दिसतात रकान्यांची नावं. इथं पासवर्ड, तिथं नुसतं पास, कुणी पीडब्ल्यूडी, एका कन्नड साइटवर तर चक्क गुप्तपद. ज्याच्या मनाला येईल ते. नाव यादीत असलं की यंत्र ओळखतं, आणि तिथं चांदण्या घालतं, मलाही दिसत नाही. नसलं, की सगळं उघडं. मग एका माणसानं बसून ती उघडी पाकिटं वाचायची, पासवर्डचा रकाना कुठला ते हुडकायचं आणि त्याचं नाव यादीत घालायचं. तो माणूस मी. बत्तीस वर्षं नोकरी करून पदरात काय पडलं, तर लोकांचे पासवर्ड.

आणि काय एकेक! अय्यो, वीट येतो. देवाचं नाव आणि पुढे वन टू थ्री. साहेबांचा बघितला तर बायकोचं लाडाचं नाव — मीटिंगमध्ये त्यांच्या तोंडाकडे बघवेना मला. एकाचा तर दुसऱ्याला दिलेली शिवीच. रोज सकाळी हात धुवून बसायचं, शिवी टाइप करायची आणि कामाला लागायचं. मी नको तिथं बघत नाही, अक्का, शपथ घेऊन सांगतो, रकान्याचं नाव घेतो आणि पुढे जातो. म्हणजे, जायचो.

तर आपल्या मंडळाची वधूवरांची साइट. सेक्रेटरींच्या भाच्यानं केलीय, फुकटात. त्यानं पासवर्डच्या रकान्याला नाव काय दिलं? खूण. मराठीचा अभिमान! जगातल्या कुठल्या यादीत खूण असणार? गेल्या सोमवारच्या आदल्या सोमवारी ते पाकीट माझ्यासमोर आलं, उघडं. नाव प्रणीत. दुपारी एक वाजून दहा मिनिटं, जेवणाची सुट्टी. म्हटलं, हा अजून मुली बघतोय? आपल्याकडे येऊन, सोफ्यावर बसून, दोन वेळा वाढून घेऊन गेला, आणि अजून? मंगळवारी पुन्हा. बुधवारी पुन्हा. आणि पासवर्ड काय, सांगू? करपलेला केसरीबाथ. हसताय? हो, तोच शिरा, तो बघायला आला त्या दिवशी श्रीविद्याच्या हातून तळाला लागलेला. रडली होती पोर आत जाऊन. आणि हा रोज तिची टिंगल टाइप करतोय! माझं टाळकं सरकलं. बापाचं काळीज आहे, अक्का. तुमचं नसतं सरकलं?

म्हणून बघितलं.

बघितलं म्हणजे... घरी येऊन. या टेबलावर, याच कॉम्प्युटरवर, त्याचं नाव आणि करपलेला केसरीबाथ घालून, त्याच्या खात्यात गेलो. बघू नका अशा. म्हटलं, पुरावा मिळेल. चार पोरींना एकदम झुलवत असेल, तुमच्यापुढे कागद ठेवीन, विषय संपेल. काय मिळालं? सेक्रेटरींना तीन पत्रं — माझं नाव काढून टाका, माझं एका ठिकाणी मन बसलंय. सेक्रेटरी कशाला उत्तर देतायत! ते नाव गेलं का हे बघायलाच तो रोज यायचा, बिचारा. आणि हुबळीच्या कुणा मुलीच्या वडिलांना एक पत्र — माफ करा, तिकडून अजून होकार आलेला नाही, पण तोवर दुसरी मुलगी बघणं मला बरं वाटत नाही. कळलं? माझ्या होकाराची वाट बघतोय तो. आणि मी त्याच्या पत्रपेटीत बसलोय, सदरा काढून, पंखा लावून, आपल्याच घरात चोरासारखा. तिथंच उठायला हवं होतं. नाही उठलो. सगळं वाचलं. त्याच्या आईचा आजार, त्याचा पगार, एका स्थळानं दोन वर्षांपूर्वी रंगावरून नकार दिला होता ते — सगळं. कुंपण म्हणून नेमलं मला, आणि शेत खाऊन मोकळा झालो.

थांबा, संपलं नाही. साइटनं त्याला कळवलं, तुमचं खातं दुसरीकडून उघडलं गेलंय. आणि पोरगं कुणाकडे आलं? माझ्याकडे. माझ्या टेबलासमोर उभं राहून म्हणतं, सर, कुणीतरी माझं वाचलंय, तुम्ही यातले जाणकार, जरा बघाल का? पोलिसांत जायला नको, उगाच मंडळाचं नाव खराब होईल. मी काय म्हणालो? म्हणालो, बघतो. पासवर्ड बदल, म्हणालो. वर ऐकवलं त्याला, खाण्यापिण्याचे पदार्थ नसावेत पासवर्डात. चटकन बघितलं माझ्याकडे त्यानं, अक्का. क्षणभरच. मग थँक्यू सर म्हणून गेला. त्याला कळलंय की नाही कळलंय, तेच मला कळत नाही. आता सांगा, उद्या हाच जावई म्हणून पाटावर बसला तर मी त्याला आग्रह कुठल्या तोंडानं करू? एक जिलबी घ्या म्हणून? रोज त्याचं तोंड बघायचं आणि रोज माझी किळस यायची मला! म्हणून नको. मुलगा वाईट नाही. मुलगा चांगलाच आहे, तीच तर पंचाईत.

काय? — बदलला, हो. त्याच दिवशी बदलला त्यानं. नवा कुठला ते नाही सांगणार, एवढं तरी त्याचं त्याच्यापाशी राहू दे. मला कसं... अहो, म्हटलं ना, खूण यादीत नाही, म्हणून उघडाच येतो. घालायचाय मला तो शब्द यादीत. दोन मिनिटांचं काम. दोन अक्षरं टाइप करायची, बटण दाबायचं, की चांदण्या. आज घालतो, उद्या घालतो — कामं असतात, अक्का, तुम्हाला वाटतं तसं नसतं. अकरा दिवस झाले, हो. मोजू नका. बोट जातं बटणापर्यंत आणि... एकदा बघू, म्हणतो, आज काय लिहिलंय त्यानं श्रीविद्याबद्दल. बाप आहे मी.

उठलात कशाला? बसा. अशी अर्धी कॉफी टाकून निघायचं नसतं. बरं, निदान कुंकू तरी लावून जा, घरातून सवाष्ण तशीच गेली तर वसुमती मला... श्रीविद्या! अगं, अक्का निघाल्या, करंडा आण —

आहेस होय इथंच. कधीपासून उभी आहेस दारात? करंडा हातात घेऊनच? दे, अक्कांना कुंकू दे. ... खाली ठेवलास? सरी, ठेव. फोन कशाला काढलास? त्याला नको सांगूस, श्रीविद्या, मी सांगतो, माझ्या तोंडानं सांगतो — काय करतेयस? दाखव.

पासवर्ड? तुझा कशाला बदलतेस? अगं, ते यंत्र कारखान्यात आहे. घरी मी काही बसवलेलं नाही. नाही गं. घरी नाही, तुझ्या गळ्याची शपथ —

अक्का, तुम्ही निघा आता.