रत्नम्माचे तीन पार्क

या, जरा जवळ बसा. लातुरात पाणी आटलं त्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. लातूरहून लेकाकडे आलेल्या रत्नम्मा नांदेडच्या बसस्टँडवर त्याला, सिद्धरामला, खोदून विचारत होत्या.

"सुट्टीतल्या तीन दिवसांचे तुझे तीन पार्क कशाचे रे?"

"एक पाळण्यांचा, एक बर्फाचा, एक पाण्याचा. आई, तू घरीच थांब."

"पाणी किती असतंय?"

"लई. दिवसभर अंगावर पडतंय."

"मग येते मी. महिनाभर ओल्या फडक्यानं अंग पुसून लिंगपूजा करून राहिले. बाकीचे दोन सोड, तिन्ही दिवस पाण्यातच जाऊ."

"पोरं रुसतील."

"रुसू दे. त्यांना बी घासून काढते."

"तिथं लुगडं चालत न्हाई, आई. पोहायचे कपडे घालावे लागतात."

"घालते की. महादेव कुठं लुगडं बघतो?"

आज न्हाताना पहिला तांब्या रत्नम्मांची आठवण काढून ओता.