एकही खाडा नको होता

सिस्टर : आणि मावशींनी गोळ्या किती घेतल्या होत्या? परत विचारतेय, कारण डॉक्टर मला परत विचारतायत.

पुनम : एक. रोजची सकाळची एक.

सिस्टर : नक्की ना? आणलं तेव्हा शुगर चौतीस होती. ग्लुकोज दिल्यावर एकशे दहावर आली. आता पुन्हा अठ्ठेचाळीस, आणि शुद्ध अजून नाही. एका गोळीनं एवढं होत नाही. डॉक्टरांना किडनीचा संशय येतोय, त्या तपासण्या लिहितायत.

पुनम : एकच म्हटलं ना मी.

सिस्टर : चिडू नकोस. तू त्यांची कोण, तेही घाईत विचारायचं राहिलं.

पुनम : मुलगी. पुनम. मी इथंच जळगावला पॉलिटेक्निकला आहे, होस्टेलवरून पळत आले. ही माझी फुई, वडिलांची बहीण. पाचोऱ्याकडं गाव आहे आमचं, तिथून हीच घेऊन आली आईला.

सिस्टर : गोळी घेताना जवळ कोण होतं?

ताईबाई : मी व्हतू ना बाई. पन माले गोयीनं काय समजस? तो डबा सांगस तिले, ती खास.

सिस्टर : कसला डबा?

पुनम : मी बनवलाय. वेळ झाली की वाजतो आणि त्या खान्यावर लाल दिवा लागतो. गोळी बाहेर काढली की दिवा विझतो आणि माझ्या मोबाईलवर मेसेज येतो.

सिस्टर : कॉलेजचा प्रोजेक्ट का?

पुनम : नाही, माझं मीच केलं. कुणी सांगितलं नव्हतं. दिवाळीत आईची शुगर चारशेवर गेली होती. गोळ्या विसरायची ती.

सिस्टर : बरं. सकाळी खाल्लं काय होतं त्यांनी?

ताईबाई : काहीच नही. आज आम्हना घर कानबाई देवी बठेल शे, रोटना दिन. नैवेद्य व्हयेपर्यंत बाया तोंडमा पानी बी लेतीस नहीत.

सिस्टर : अहो, शुगरची गोळी आणि उपाशीपोटी? दुपारी बारापर्यंत? कुणी घ्यायला सांगितली?

पुनम : डबा वाजला असेल.

सिस्टर : मी आत जाऊन शुगर बघून येते. तोवर नीट आठवा दोघी. एक की जास्त, एवढं कळलं तरी पुरे.

ताईबाई : पोरी, मुंडकं खाले घालीसन कसाले बठनी?

पुनम : डबा आणलास का फुई?

ताईबाई : आना. पिशवीमा शे. माय तठे बेसुद पडेल आनि हाई फोनवर सांगस, डबा लई ये. माले वाटनं, तठेच नालीमा फेकी देवो.

पुनम : दे इकडं.

ताईबाई : पंधरा वरीस व्हयनात तिले साखर. उपासना दिन तिनी कधी गोयी खादी नही. कोनी शिकाडं नही, तिनं तिले समजे. पोटमा अन्न नही तं गोयी नही. तुले माहीत नव्हतं?

पुनम : मला माहीत होतं. डब्याला माहीत नव्हतं. उपासाचं मी त्यात टाकलंच नाही. आठ वाजले की वाज, बस.

ताईबाई : वाजना ना. तुनी मायनी त्यावर फडकं टाकं. म्हने, वाजू दे, आज नही. माले हसू उनं. मंग तुना फोन उना.

पुनम : हो.

ताईबाई : मी पुरन वाटत व्हतू. ती फोनवर म्हने, पुनम, आज रोट शेतस, सांजले जेवन व्हयनं का खासू. तू काय सांगं ते माले आयकू नही उनं. काय सांगं तू?

पुनम : नको ना विचारू.

ताईबाई : मी इचारस.

पुनम : बुधवारी धुळ्याला प्रदर्शन आहे. डब्याशेजारी तक्ता लावणार होते, त्रेचाळीस दिवसांचा. सकाळ-संध्याकाळ, सगळा हिरवा. एकही खाडा नको होता मला. आणि काल संध्याकाळी पहिला पडला.

ताईबाई : काल सांजले नैवेद्यना रोटना गहू दयाना व्हतात. माणूसमागे सव्वा मूठ, एकेकनं नाव लिसन मोजना पडस. कोनले भान व्हतं गोयीनं?

पुनम : आणि आज सकाळी दुसरा पडत होता. मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, तीन महिने राबले तुझ्यासाठी, आणि तुला साधी गोळी घेता येत नाही? तुझ्यापायी माझं नाक कापलं जाईल. म्हटलं, दोन्ही लाल दिवे विझव, आत्ताच्या आत्ता.

ताईबाई : दोन्ही?

पुनम : दोन्ही.

ताईबाई : म्हनजे कालनी बी खादी आनि आजनी बी? उपासी पोटे?

पुनम : मी 'खा' नाही म्हटलं. 'विझव' म्हटलं. मला वाटलं, कालची गोळी ती काढून परत पाकिटात ठेवेल. नाही फुई, तेही खोटं. मला काहीच वाटलं नव्हतं. दोन मेसेज आले, तक्ता भरला, आणि मी खाली मेसमध्ये जाऊन पोहे खाल्ले.

ताईबाई : आनि त्या सिस्टरले एक सांगं.

पुनम : तोंडातून निघून गेलं. मग ती परत परत विचारायला लागली आणि मला मागं फिरता येईना.

ताईबाई : तठे काय चालू शे, माहीत शे? सुरतथीन तुना भाऊ नीलेश उना नही म्हनीसन पंगत थांबेल शे. तुना बाप देवीपुढे हात जोडीसन बठना शे. बठ्ठा लोके म्हनतस, रोट मोजामा चूक व्हयनी, कोनंतरी नाव ऱ्हाई गयं, म्हनीसन देवी कोपनी. आनि मोजेल कोनी व्हतात? तुनी मायनी.

पुनम : तिलाच दोष देतायत?

ताईबाई : मंग आजून कोनले देतीन? खरं कोनी सांगं का त्यासले? ऊठ. जाय.

पुनम : तू चल ना माझ्याबरोबर.

ताईबाई : मी येस. पन बोलशी तू.

पुनम : सिस्टर. सिस्टर, थांबा. दोन.

सिस्टर : काय दोन?

पुनम : गोळ्या. एक आठ एकोणीसला, दुसरी आठ एकवीसला. डब्यात नोंद आहे, हे बघा. मी फोनवरून घ्यायला लावल्या. उपास आहे हे ती मला सांगत होती.

सिस्टर : दोन तास झाले, पुनम. दोन तास विचारतेय मी तुला.

पुनम : हो.

सिस्टर : ह्या गोळीचा जोर चोवीस तास उतरत नाही. आणि किडनीचं असेल म्हणून डॉक्टरांनी आत्ताच ग्लुकोजचं सलाईन हळू करायला सांगितलं मला. मी हळू केलं. कळतंय का तुला? सरक बाजूला, आधी ते वाढवू दे.

ताईबाई : बाई, वाची ना ती?

सिस्टर : कशानं झालंय ते तरी आता कळलं. पण इतका वेळ मेंदूला साखर पोचलेली नाही. त्याचं काय झालंय, ते डोळे उघडल्यावरच दिसेल.

पुनम : फुई, माले मार. खरंच मार. सगळ्यांसमोर मार.

ताईबाई : मारीसन तुले बरं वाटी, तिले नही. बठ खाले. पदर धर मना.

पुनम : बाबांना फोन लाव. देवीची माफी मागू नका म्हणावं. रोट बरोबर मोजलेत आईनं.

ताईबाई : तूच सांग. हाऊ ले फोन.

(साडेपाच वाजता, आत, सात नंबरच्या खाटेपाशी.)

सिस्टर : एकशे तीस. तासभर टिकलीय. डोळे उघडलेत, पण गोंधळल्यात अजून. हळू बोल. मी कोण, एवढंच विचार.

पुनम : आई. आई, इकडं बघ. मी कोण?

मंजुळाबाई : सिस्टर ना तुम्ही.

पुनम : मी पुनम, आई.

मंजुळाबाई : नही. पुनम जयगावले शे. आयका ना, सिस्टर.

पुनम : ही अशीच राहील का हो?

सिस्टर : आज नाही सांगता येत. उद्या बघू. रडू नकोस, घाबरतील त्या. काय म्हणतायत ते ऐक.

मंजुळाबाई : मनी पोरले नका सांगा हाई. तिनी काही चूक नही. मी येडी, मी मनी दोन खादी. नही सांगशात ना?

पुनम : नाही सांगत, मावशी. पडून राहा.